केळु

चंदगडहून पहिल्या एसटीनं उद्यमबागेत उतरलो
तेव्हा कानडी मला शून्य.
फकीरप्पा मोल्डर हातोडीनं कास्टिंगवर टक् करायचा
आणि म्हणायचा, केळु.
तिसऱ्या दिवशी मी फाटकाजवळच्या गाड्यावरनं
दोन केळी आणून त्याच्यापुढं ठेवली.
त्यानं दोन्ही खाल्ली,
सालं कागदात नीट गुंडाळली,
मग पुन्हा टक्.
केळु. कानाला बोट लावून दाखवलं. ऐक.

चांगलं बीड वाजतं.
आत भेग असली की खोकतं.
तो खोकला ओळखायला मला सहा महिने लागले.
तोवर हेही कळलं
की विचारायचं असलं तरी त्याच्या भाषेत हाच शब्द.
ऐकणं, विचारणं, दोन्हीला केळु.
मी हसलो होतो.
म्हटलं, शब्द कमी पडले काय रे तुमच्यात?

अकरा वर्षांनी मी सुपरवायझर.
खिशाला दोन पेनं, टेबल, पंखा,
आणि रिजेक्शनचं रजिस्टर.
त्यातला शेवटचा रकाना: जबाबदार.

मे महिन्यातली रात्रपाळी.
कडोलीचा भरमा, आयटीआय करून चार महिने झालेला,
मिक्सरजवळनं मूठभर वाळू घेऊन आला.
साहेब, ओली वाटालीय.
माझ्या कानाला फोन. कोइमतूरची पार्टी,
पंपाच्या बॉड्या, सोमवारची गाडी.
मी हात हलवला,
ताटावरची माशी हाकलतात तसा.
तो थोडा वेळ उभा राहिला.
वाळू तशीच मुठीत.
मग गेला.

सकाळी सदतीस नग बाद.
मशीनवर चढवले की प्रत्येकाच्या पोटात फोड.

जबाबदारच्या रकान्यात मी लिहिलं:
बी. के. नाईक, ट्रेनी.
अक्षर माझं चांगलं आहे,
शाळेत बक्षीस होतं.
पगारातनं कापले.
त्यानं सही केली,
पेनाला टोपण लावून मला परत दिलं.

फकीरप्पा काही बोलला नाही.
चहाच्या सुट्टीत बाद मालाच्या ढिगाशी बसला.
टक्.
टक्.
सदतीस नाही, सात-आठच.
मग माझ्याकडं न बघता,
केळु.

ऐक म्हणाला की विचार म्हणाला,
मला आजही सांगता येत नाही.

रजिस्टरात खाडाखोड चालत नाही.
मी खाली नवी ओळ घातली,
तारीख तीच, नग तेवढेच,
रकान्यात माझं नाव.
मॅनेजर हलगेकर म्हणाले, अहो, एवढं कशाला?
पोरगं शिकालंय. शिकताना थोडं भरावंच लागतं.
मी म्हटलं, वाळू त्याला कळली होती, सर.
त्यांनी पंख्याकडं बघत
दिवाळीच्या बोनसचा विषय काढला.

भरमाला पैसे परत मिळाले.
एवढ्यावर संपलं असतं
तर मी हे घरी जेवताना सांगितलं असतं.

पण आता वाळू ओली वाटली
की तो माझ्या टेबलाला वळसा घालून
फकीरप्पाकडं जातो, कानडीत बोलतो.
मला कानडी कळते
हे त्याला माहीत आहे.

म्हणून पाळी सुरू व्हायच्या आधी मीच जातो.
मूठ मिटतो, उघडतो,
ढेकूळ मधोमध मोडतो,
कडा शाबूत राहतात का बघतो,
आणि विचारतो, कशी हाय रे?

बघा की तुम्हीच,
म्हणतो तो,
आणि खाली मान घालून
बॉक्स ठोकत राहतो.

मी तिथंच उभा.
टेबलावर फोन वाजतोय.